किती वाजता, कोणासाठी : बीबीसीचा १९५१ मधला एक दिवस

संस्थेचा इतिहास लिहायला बसलं की लेखणी आपोआप सनद, पहिले अध्यक्ष, इमारतीची कोनशिला आणि गौरवाचे प्रसंग या वाटेनं चालू लागते. बीबीसीच्या बाबतीत ती वाट चार ओळींत संपवता येते. रेडिओ संच बनवणाऱ्या काही कंपन्यांनी १८ ऑक्टोबर १९२२ रोजी ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी काढली. संच खपायचे तर त्यावर ऐकायला काहीतरी हवं, एवढाच त्यामागचा व्यवहार. १४ नोव्हेंबरला लंडनहून प्रसारण सुरू झालं. १ जानेवारी १९२७ पासून राजसनदेनं कंपनीचं महामंडळ झालं आणि जॉन रीथ हे उंचेपुरे, कडक शिस्तीचे स्कॉटिश गृहस्थ पहिले महासंचालक झाले. १९३२ मध्ये बिऱ्हाड पोर्टलंड प्लेसवरच्या ब्रॉडकास्टिंग हाउसमध्ये गेलं. मधोमध स्टुडिओंचा मनोरा आणि रस्त्याचा आवाज अडवायला त्याभोवती कचेऱ्या, अशी ती इमारत.

एवढं सांगूनही ही संस्था वागायची कशी, ते कळत नाही. माझ्या मते ते वेळापत्रकात कळतं. प्रसारण संस्थेचा खरा स्वभाव ती किती वाजता कोणाशी बोलते यात असतो. म्हणून या स्मरणिकेसाठी बीबीसीचा सबंध इतिहास न सांगता १९५१ सालातला एक कामाचा दिवस उलगडायचं ठरवलं. एका विशिष्ट तारखेची ही कार्यक्रमपत्रिका नव्हे. त्या वर्षी आठवड्याच्या मधल्या कोणत्याही दिवशी साधारण काय कानावर पडायचं, त्याची ही हकिकत आहे.

१९५१ च का, तर त्या वर्षी रेडिओ ऐन भरात होता. घरगुती परवाने सव्वा कोटीच्या घरात गेले होते आणि त्यातले दूरचित्रवाणीचे आठ लाखांच्याही आत होते. रेडिओच्या परवान्याची फी वर्षाला एक पौंड. (पोस्टात रांग लावून रेडिओचं लायसन नवं करून आणलेल्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना ही पद्धत सांगायला नको, ती तिकडूनच आलेली.) हवेत दुसरं कोणी नाही, जाहिरात नाही. रेडिओ लक्झेंबर्ग रात्री खरखरत ऐकू यायचं तेवढंच. त्याच वर्षी जानेवारीत सरकारनं नेमलेल्या बेव्हरिज समितीनं अहवाल देऊन ही मक्तेदारी चालू ठेवावी असं म्हटलं. समितीतले एकटे सेल्विन लॉइड विरोधात गेले आणि त्यांनी स्पर्धा हवी अशी भिन्न मतपत्रिका जोडली. पुढे खरं ठरलं ते त्यांचंच. पण १९५१ च्या एखाद्या सकाळी संच लावणाऱ्याला त्याची गंधवार्ता नव्हती.

युद्धानंतर बीबीसीनं आपला कारभार तीन सेवांत वाटला होता. होम सर्व्हिस म्हणजे घरातला जबाबदार कर्ता पुरुष : बातम्या, भाषणं, नाटकं, शाळांचे पाठ. लाइट प्रोग्रॅम जुलै १९४५ मध्ये सुरू झाला. गाणी, विनोद, मालिका हे त्याचं काम. सप्टेंबर १९४६ पासून थर्ड प्रोग्रॅम आला, तो फक्त संध्याकाळी सहा ते मध्यरात्री, विद्वान आणि रसिकांसाठी. ही रचना महासंचालक विल्यम हेली यांची. त्यांच्या मनात एक पिरॅमिड होता : तळाशी लाइट, मध्ये होम, शिखरावर थर्ड, आणि श्रोत्यानं हळूहळू तळातून शिखराकडे चढत जावं. योजना उदात्त होती. श्रोता चढला का, ते दिवस पुढे सरकेल तसं दिसेलच.

सकाळी पहिल्यांदा जागी व्हायची होम सर्व्हिस. सात वाजता हवामान आणि बातम्या, आठाला दहा मिनिटं कमी असताना 'लिफ्ट अप युअर हार्ट्स' हे छोटंसं धार्मिक चिंतन आणि आठला पुन्हा बातम्या. तासाच्या आधी ग्रीनिचचे सहा टिकटिकाट. ते ५ फेब्रुवारी १९२४ पासून चालत आले होते आणि देशातली बहुतेक घड्याळं त्यांच्यावर लागत. बातम्या वाचणारा आपलं नाव सांगत नसे. युद्धात १९४० मध्ये नाव सांगायची प्रथा पडली होती, कारण शत्रूनं खोटं केंद्र चालवलं तर लोकांना आपला माणूस आवाजावरून ओळखता यावा. युद्ध संपलं, नावं पुन्हा गेली. वृत्तनिवेदक म्हणजे संस्थेचा आवाज, व्यक्तीचा नव्हे, असा हट्ट. याच हट्टापायी रीथ यांच्या काळात रात्रीचे निवेदक संध्याकाळचा औपचारिक पोशाख घालून मायक्रोफोनपुढे बसत. ऐकणाऱ्याला तो पोशाख दिसणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

उच्चारही एका ठशाचे. दक्षिण इंग्लंडमधल्या शिकलेल्या वर्गाची बोली हीच निवेदनाची भाषा. यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना युद्धकाळात राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं, तेव्हा त्यांच्या उत्तरेकडच्या हेलावर चांगलाच गदारोळ झाला आणि तक्रार करणाऱ्यांत उत्तरेकडचेही होते! आपल्याकडे एखाद्या निवेदकाच्या बोलण्यात वऱ्हाडी किंवा मालवणी डोकावली की पत्रं कुठून येतात, ते आकाशवाणीत काम केलेल्यांना विचारावं. पिकल्स मात्र पुरून उरले. १९४६ पासून त्यांचा 'हॅव अ गो' हा गावोगाव फिरणारा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम त्याच हेलात देशातला सर्वांत लोकप्रिय कार्यक्रमांपैकी एक झाला.

नऊ वाजता लाइट प्रोग्रॅम उघडायचा आणि नऊ दहाला 'हाउसवाइव्ज चॉइस'. नवरा कामाला गेलेला, मुलं शाळेत, न्याहारीची भांडी पाण्यात पडलेली, आणि पोस्टकार्डावर कळवलेल्या फर्माइशीची गाणी. गंमत अशी की या बायकांच्या कार्यक्रमाचे निवेदक बहुतेक पुरुषच. 'आपली आवड' ऐकून मोठ्या झालेल्या मराठी श्रोत्याला हा सगळा प्रकार घरचाच वाटेल. मात्र एक अडचण आपल्याला सहसा ठाऊक नसते : ध्वनिमुद्रिका किती तास वाजवायच्या यावर मुद्रिका कंपन्यांच्या करारानं मर्यादा होती आणि वादकांच्या संघटनेचं त्यावर बारीक लक्ष असे. त्यामुळे तबकड्यांचे कार्यक्रम मोजकेच. उरलेलं संगीत जिवंत. वाद्यवृंद येऊन बसत, वाजवत आणि जात. बीबीसीच्या पगारावर इतके वादक पोसले गेले, त्याचं श्रेय संगीतप्रेमाला जितकं, तितकंच या करारालाही द्यायला हवं.

होमवर सव्वादहाला 'डेली सर्व्हिस' ही रोजची प्रार्थना. २ जानेवारी १९२८ पासूनची. तिच्या मागेपुढे शाळांचे पाठ. 'सिंगिंग टुगेदर'मध्ये विल्यम ॲपलबी देशभरातल्या वर्गांकडून एका वेळी एकच गाणं गाऊन घेत. ते स्टुडिओत, मुलं शेकडो मैलांवर. मुलांचा आवाज त्यांना ऐकू येण्याची सोय नाही. तरी ते मध्ये थांबून, मुलांनी म्हटलं असं धरून, पुढची ओळ शिकवत.

साडेदहाला लाइटवर 'म्युझिक व्हाइल यू वर्क'. याचा जन्म जून १९४० चा, डंकर्कहून सैन्य परतल्यानंतरच्या दिवसांतला. कारखान्यांत दिवसरात्र पाळ्या चालू होत्या आणि एकसुरी कामानं हात मंदावत. भोंग्यांतून अर्धा तास सलग संगीत वाजवलं की उत्पादन वाढतं, असा अनुभव आला आणि मग त्या संगीताचे नियम ठरले. ठेका सारखा हवा, आवाज यंत्रांच्या वर पोहोचला पाहिजे, झोप आणणारे संथ वॉल्ट्झ नकोत. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' या अमेरिकन गाण्यावर तर या कार्यक्रमापुरती बंदी आली. त्या गाण्यात ठरावीक जागी टाळ्या आहेत. कामगार टाळ्यांऐवजी हातातले पाने आणि हातोडे समोरच्या यंत्रावर आपटू लागले. कार्यक्रम किती मनापासून ऐकला जातो याचा याहून खणखणीत पुरावा कुठल्या संशोधन विभागाला मिळाला असेल असं मला वाटत नाही.

कारखान्यांसाठीचा दुसरा कार्यक्रम 'वर्कर्स प्लेटाइम', जेवणाच्या सुट्टीत थेट कॅन्टीनमधून. टेबलं बाजूला सारून उभारलेला मंच, एक पियानो, विनोदवीर आणि गायक. युद्धात कारखान्याचा ठावठिकाणा सांगायचा नसे. आकाशवाणी मुंबईच्या 'कामगारसभे'चा आणि याचा नात्यागोत्याचा धागा मी सिद्ध करायला जाणार नाही. पण ऑल इंडिया रेडिओची घडी बसवायला १९३५ मध्ये दिल्लीला आले ते लायनेल फील्डन बीबीसीचेच, आणि दिवसाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एकेका वर्गाच्या नावे करायची रीत आपल्याकडेही रुजली, हे खरं.

दुपारचा दीड ते तीन हा काळ मला सगळ्या दिवसात सर्वांत हुशारीनं आखलेला वाटतो. पावणेदोनला 'लिसन विथ मदर', जानेवारी १९५० पासून. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी पंधरा मिनिटं : एक गोष्ट, दोन बडबडगीतं, शेवटी गाब्रिएल फोरे यांच्या 'डॉली' संचातलं पियानोचं पाळणागीत. निवेदिका ज्युलिया लँग गोष्ट सुरू करण्याआधी मुलांना, नीट सावरून बसलात ना, असं विचारत. पहिल्याच दिवशी सहज तोंडून गेलेलं हे वाक्य कार्यक्रमाला कायमचं चिकटलं. मूल पेंगायला लागतं न लागतं तोच दोन वाजता, आता आईला स्वतःचा एक तास मिळणार हे हेरून, 'विमेन्स अवर'. लाइटचे तेव्हाचे प्रमुख नॉर्मन कॉलिन्स यांनी तो ७ ऑक्टोबर १९४६ ला सुरू केला आणि पहिलं निवेदन दिलं ॲलन आयव्हिमी या पुरुषाकडे. स्त्रियांना घरकाम कसं करावं ते पुरुषानं सांगावं हे श्रोत्यांना रुचलं नाही. थोड्याच काळात तिथे निवेदिका आल्या. त्यानंतर या तासानं घेतलेलं वळण मात्र कोणाच्या आराखड्यात नसावं. जुन्या कोटाचा नवा झगा कसा करावा, रेशनच्या मटणात चार माणसांचं कसं भागवावं, हे होतंच. पण १९४८ मध्येच या कार्यक्रमात रजोनिवृत्तीवर उघडपणे बोललं गेलं. ज्या संस्थेत विनोदी लेखकाला स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांचा उल्लेखही वर्ज्य होता, त्याच संस्थेत भरदुपारी हे चाललं होतं, कारण त्या वेळी ऐकणारं कोण आहे याची खात्री होती.

चारच्या सुमारास 'मिसेस डेल्स डायरी'. जानेवारी १९४८ पासून रोज पंधरा मिनिटं आणि चुकलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पुन्हा. पार्कवुड हिल या लंडनच्या उपनगरातल्या डॉक्टरची बायको आपल्या रोजनिशीतून घरच्या बारीकसारीक काळज्या सांगते. आई मिसेस फ्रीमन, तिची मांजर, मुलंबाळं, शेजारी. समीक्षक तिची यथेच्छ टवाळी करत. लाखो घरांत ती रोज ऐकली जाई. आकाशवाणीच्या कौटुंबिक श्रुतिकेतल्या प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी यांच्या वाटेकडे कान लावून बसलेल्या मुंबईच्या श्रोत्यांना टवाळीही कळेल आणि ऐकणंही.

पाचला होम सर्व्हिसवर 'चिल्ड्रन्स अवर'. बीबीसीच्या पहिल्या वर्षापासूनचा. त्याचे प्रमुख डेरेक मॅकलक ऊर्फ 'अंकल मॅक' नुकतेच, १९५० मध्ये, निवृत्त झाले होते. लॅरी या बावळट कोकराचा बेंबटणारा आवाज त्यांचाच. सहाला पुन्हा बातम्या. आणि पावणेसातला लाइटवर त्या वर्षी जे घडलं त्याच्याशी थोडं थांबायला हवं.

ऑक्टोबर १९४६ पासून पावणेसात ही वेळ डिक बार्टन या गुप्तहेराची होती. पंधरा मिनिटांत पाठलाग, गोळीबार आणि शेवटी नायक मरणाच्या दारात; उरलेलं उद्या. चार्ल्स विल्यम्स यांची 'डेव्हिल्स गॅलप' ही संकेतधून वाजली की गल्लीतली मुलं खेळ टाकून घरात पळत. ऐन बहरात श्रोते दीड कोटींवर गेले. मुलं एवढी ऐकतात म्हटल्यावर बीबीसी घाबरली आणि लेखकांना नियमावली दिली : नायक दारू पिणार नाही, शिवी देणार नाही, खोटं बोलणार नाही. त्याची मैत्रीणही कथेतून बाहेर काढण्यात आली.

इकडे देश अजून रेशनवर होता. युद्धातही मोकळा राहिलेला पाव १९४६ ते १९४८ मापून द्यावा लागला होता. छोट्या शेतकऱ्यानं पीक वाढवावं, नवी खतं, नवं बियाणं वापरावं म्हणून कृषी मंत्रालय धडपडत होतं. शेतीविषयक भाषणं रेडिओवर होतच होती, पण ती ऐकत कोण होतं? तर ज्यांना आधीच सगळं माहीत होतं असे मोठे जमीनदार. १९४८ मध्ये बर्मिंगहॅमला शेतकरी आणि बीबीसीची मंडळी यांची बैठक झाली. तिथे लिंकनशरचा एक शेतकरी उठून म्हणाला की आम्हाला पाहिजे तो शेतीतला डिक बार्टन. सभेत हशा पिकला. गॉडफ्री बेझली हे शेतीचे कार्यक्रम करणारे निर्माते मात्र ते वाक्य घेऊन घरी गेले. त्यांनी काय करावं? प्रत्यक्ष डिक बार्टनचेच दोन्ही लेखक, एडवर्ड मेसन आणि जेफ्री वेब, आपल्याकडे ओढले.

मे १९५० अखेरीस मिडलंड विभागात एक आठवडा चाचणी झाली आणि १ जानेवारी १९५१ ला 'द आर्चर्स' देशभर सुरू झालं, आधी सकाळी पावणेबाराला. अँब्रिज नावाचं कल्पित गाव, ब्रुकफील्ड हा मळा, डॅन आर्चर हा जुन्या वळणाचा पण शहाणा शेतकरी, त्याची बायको डोरिस, नव्या विचारांचा मुलगा फिल आणि शेजारी वॉल्टर गेब्रिएल. हा वॉल्टर म्हणजे शेती कशी करू नये याचं चालतंबोलतं उदाहरण. हेतू सरळ होता : डॅनच्या संगतीनं श्रोत्याला खत कधी द्यावं ते कळावं आणि वॉल्टरच्या फजितीतून ते न दिल्यास काय होतं तेही. लेखक मात्र अंगात भिनलेली सवय विसरले नव्हते. गाईला झालेला आजारही ते अशा जागी तोडत, की उद्या ऐकल्यावाचून गत्यंतर नाही.

श्रोते ज्या गोष्टीवर लुब्ध झाले तो होता आवाज. खेडं दिसत नव्हतं, ते ऐकूनच उभं करायचं होतं. ब्रुकफील्डच्या फाटकाची कुरकुर इस्त्रीच्या घडीच्या जुन्या टेबलातून निघे. ते हळू उघडलं की फाटक उघडतं, झटक्यात मिटलं की कोणीतरी रागावून गेलेलं असतं. दूध काढताना चरवीत पडणारी धार, चिखलातले बूट, दूरचा कावळा. शहरात वाढलेल्या, जिवंत गाय जवळून न पाहिलेल्या बाईनंही मन लावून ऐकावं, हे सामर्थ्य या आवाजांचं. इस्टरपर्यंत कौल स्पष्ट झाला होता. ३० मार्च १९५१ ला डिक बार्टनचा शेवटचा भाग झाला आणि पावणेसातची वेळ शेतकऱ्यांना मिळाली. शहरातली पोरं नाराज झाली. त्यांच्या नाराजीची दखल कोणी घेतल्याचं दिसत नाही. पावणेसातला घरात सगळेच असतात आणि पोरांसाठी पाचचा तास राखून ठेवलेलाच आहे, हा बीबीसीचा हिशेब.

सातला लाइटवर बातम्या आणि 'रेडिओ न्यूजरील', मग करमणूक. विनोदी लेखकाच्या टेबलावर तेव्हा 'ग्रीन बुक' असे. विविध-रंजन विभागाचे प्रमुख मायकल स्टँडिंग यांनी १९४८ मध्ये तयार केलेली ही मार्गदर्शिका. त्यात काय चालणार नाही याची यादीच होती : शौचालय, बायकी पुरुष, मधुचंद्राचं जोडपं, हॉटेलात खोल्या आवरणारी बाई, अंजिराचं पान, सशांच्या सवयी, फिरता विक्रेता. एवढं सगळं काढून घेतल्यावर विनोदाला उरतं काय, असा प्रश्न पडावा. पण लेखक भाषेकडे वळले. फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन यांचं 'टेक इट फ्रॉम हिअर' शब्दांच्या करामतीवर उभं राहिलं. आणि 'एज्युकेटिंग आर्ची' तर प्रत्यक्ष बोलक्या बाहुल्याचा कार्यक्रम, रेडिओवर! पीटर ब्रॉ हा शब्दभ्रमकार आणि आर्ची हा त्याचा लाकडी पोरगा. ओठ हलतात की नाही हे दिसायचा प्रश्नच नव्हता, आणि ब्रॉ यांचे हलत असत असं म्हणतात. यशवंत पाध्ये यांच्या अर्धवटरावाला रंगमंचावर पाहून पोट भरून हसलेल्या आपल्या लोकांना हे अजब वाटेल, पण लाखो लोक हा कार्यक्रम ऐकत आणि टोनी हॅन्कॉक, कोवळ्या वयातली ज्युली अँड्रूज अशी पुढे गाजलेली माणसं त्यातून वर आली.

त्याच वर्षी २८ मे रोजी होम सर्व्हिसवर 'क्रेझी पीपल' या नावानं चार तरुणांचा धुमाकूळ सुरू झाला : स्पाइक मिलिगन, पीटर सेलर्स, हॅरी सीकम, मायकल बेंटाइन. पुढे तो 'द गून शो' म्हणून अजरामर झाला. त्याचा मुख्य मेंदू मिलिगन, जन्म अहमदनगरचा, १९१८ सालचा. वडील ब्रिटिश सैन्यात. बालपणाची वर्षं पुण्याच्या कॅन्टोन्मेंटात गेली आणि शाळेचे पहिले धडेही तिथलेच. गूनच्या कथांत निवृत्त कर्नल, साम्राज्याचा पोकळ थाट आणि निरर्थक हुकूम जागोजागी येतात. छावणीत वाढलेल्या मुलानं ते जवळून पाहिलेलं होतं. मधुचंद्र आणि अंजिराच्या पानावर बंदी घालणाऱ्या ग्रीन बुकात वेडेपणावर बंदी घालायचं राहून गेलं होतं. मला विचाराल तर त्या वर्षभरात बीबीसीनं जे काही केलं त्यात सर्वांत दूरवर पोहोचलेलं हेच.

नऊला होम सर्व्हिसवर बिग बेनचे टोल आणि दिवसाच्या मुख्य बातम्या. बातमीत प्रत्यक्ष माणसांचे आवाज जवळजवळ नाहीत, विशेषणं नाहीत, घाई नाही. निःपक्षपातीपणाचा अर्थ इतका टोकाला गेला होता की संसदेत ज्या विषयावर पुढच्या चौदा दिवसांत चर्चा होणार असेल, त्यावर रेडिओवर वाद घालायचा नाही असा नियम होता. १९५० च्या निवडणुकीत तर बातमीपत्रांनी प्रचाराकडेच पाठ फिरवली आणि पक्षांची ठरवून दिलेली भाषणं तेवढी लागली. तटस्थ राहण्याची ही एक तऱ्हा झाली. मला ती भेकडपणाच्या फार जवळची वाटते. चौदा दिवसांचा नियम १९५० चं दशक अर्धं उलटेपर्यंत चालला.

सहापासून थर्ड प्रोग्रॅमही चालू झालेला असे. त्याला घड्याळाची सक्ती नव्हती. नाटक साडेचार तासांचं असेल तर ते साडेचार तास चालेल. उद्घाटनाच्या आठवड्यात बर्नार्ड शॉ यांचं 'मॅन अँड सुपरमॅन' अख्खं झालं, रंगमंचावर नेहमी गाळला जाणारा नरकातला अंकही धरून. पहिल्या रात्रीचा पहिलाच कार्यक्रम, रेडिओ ऐकावा कसा यावरची जॉइस ग्रेनफेल आणि स्टीफन पॉटर यांची खुसखुशीत फिरकी होती. मार्च १९४९ मध्ये फ्रेड हॉइल या खगोलशास्त्रज्ञानं याच सेवेवरच्या भाषणात, विश्व एका क्षणी स्फोटातून जन्मलं या आपल्याला न पटणाऱ्या सिद्धान्ताला 'बिग बँग' म्हटलं आणि ते नाव जगभर रूढ झालं. थर्डचे श्रोते शंभरात एक-दोन. रॉबर्ट सिल्वी यांचा श्रोता संशोधन विभाग रोज लोकांच्या मुलाखती घेऊन काल काय ऐकलंत ते विचारत असे. त्या मोजणीत थर्डचे काही कार्यक्रम दिसतच नसत. लाइट ऐकणारा लाइटवरच राही. हेलींचा पिरॅमिड कागदावर राहिला. हॉइल यांची विश्वावरची भाषणमाला मात्र थर्डवर गाजली, मग होमवर पुन्हा लावली आणि तिथेही लोकांनी डोक्यावर घेतली. ज्ञान पायऱ्या उतरून श्रोत्याकडे आलं. श्रोता चढला नाही.

रात्री अकराच्या सुमारास लाइटवर 'अ बुक ॲट बेडटाइम', १९४९ पासून. एक वाचक, एक कादंबरी, रोज पंधरा मिनिटं. मध्यरात्री सेवा बंद.

हा झाला ब्रिटनमधला दिवस. संस्थेचा दुसरा दिवस लघुलहरींवर चाले, परदेशांतल्या घड्याळांप्रमाणे, आणि त्यात मराठीचाही वाटा होता. जपाननं सिंगापूर घेतल्यावर दोनच आठवड्यांनी, १ मार्च १९४२ ला, लंडनहून मराठी प्रसारण सुरू झालं. पूर्वेकडच्या सेवेचं बिऱ्हाड ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या २०० क्रमांकाच्या, एकेकाळच्या कापडदुकानाच्या इमारतीत होतं. तिथे जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते १९४३ नोकरीला होते. युद्धाच्या घडामोडींवर ते इंग्रजीत लिहीत त्या वार्तापत्रांचा मजकूर मराठीसह काही भारतीय भाषांत उतरवून वाचला जाई. त्यांच्या सहकाऱ्यांत वेणू चितळे होत्या, कोल्हापूरकडच्या शिरोळच्या. 'व्हॉइस' या नभोमासिकाच्या ध्वनिमुद्रणाचं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे : टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, विल्यम एम्पसन, ऑर्वेल, आणि त्यांच्यात नऊवारी मुलखातून आलेली ही तरुणी. इंग्रजीतून बातम्या वाचण्यापर्यंत त्यांची मजल गेली. पुढे 'इन ट्रान्झिट' ही पुण्यातल्या एका कुटुंबावरची त्यांची इंग्रजी कादंबरी १९५० मध्ये आली. ऑर्वेल राजीनामा देताना म्हणाले ते असं, की हे सगळं काम फुकट आहे, भारतात ऐकतंय कोण. लघुलहरींचे संच आपल्याकडे तेव्हा किती कमी होते हे पाहता त्यांना खोटं ठरवणं कठीण. तरीही मराठी प्रसारण युद्धानंतर बरीच वर्षं, १९५८ पर्यंत, टिकलं.

पूर्वेकडच्या या सेवेनं ब्रिटनला मात्र एक मोठी देणगी दिली. १९४६ मध्ये भारताचा क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. विजय मर्चंट, विजय हजारे, विनू मांकड त्यात होते. भारतातल्या श्रोत्यांसाठी सामन्याचं वर्णन करायला जॉन आर्लट या कवितेचे कार्यक्रम करणाऱ्या, आधी पोलिसात असलेल्या माणसाला पाठवलं. आधी फक्त पहिल्या सामन्यांपुरतं ठरलं होतं. भारतातून इतका चांगला प्रतिसाद आला, की सबंध दौरा त्यांच्याकडे गेला आणि इंग्लंडला त्याचा सर्वांत आवडता क्रिकेट समालोचक मिळाला.

सेल्विन लॉइड यांची भिन्न मतपत्रिका लवकरच फळाला आली. ऑक्टोबर १९५१ मध्ये हुजूर पक्ष सत्तेवर आला, १९५४ मध्ये कायदा झाला आणि २२ सप्टेंबर १९५५ ला जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही सुरू झाली. त्याच संध्याकाळी बीबीसीनं आर्चर्समध्ये फिलची नवपरिणीत बायको ग्रेस हिला आगीतून घोडा वाचवताना मारून टाकलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत नव्या वाहिनीपेक्षा ग्रेसच जास्त होती. कल्पित बाईसाठी लोकांनी फुलं पाठवली. पु. ल. देशपांडे दशकाच्या अखेरीस प्रशिक्षणासाठी लंडनला गेले ते बीबीसीच्या दूरचित्रवाणीकडे. वारं तोवर फिरलं होतं.

३० सप्टेंबर १९६७ ला होम, लाइट आणि थर्ड ही नावं बदलून आकडे आले. 'डेली सर्व्हिस' आणि 'आर्चर्स' रेडिओ ४ या नव्या घरी गेले, 'विमेन्स अवर'ही काही वर्षांनी तिथेच आला. १९५१ मध्ये लाइटच्या दीर्घलहरीवरून जहाजांना सांगितलं जाणारं सागरी हवामानही पुढे तिकडेच आलं. डॅनचे वंशज अजून ब्रुकफील्डला आहेत. खतं कधी द्यावीत हे त्यांच्याकडून शिकण्याची अपेक्षा कृषी मंत्रालयानं केव्हाच सोडून दिली.